उथळ पाण्याचे आरमार

नंदाखालचे नाव निघाले की जाणत्याच्या डोळ्यांपुढे केळीच्या वाड्या, पानवेलींचे मांडव, पावसाळ्यात काठोकाठ भरणारी बावखले, पवित्र आत्म्याला वाहिलेले पोर्तुगीज अमदानीतील चर्च आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे जन्मगाव एवढ्या गोष्टी उभ्या राहतात. परंतु ज्या गावापासून अर्नाळ्याचा किनारा तासाभराच्या चालीवर आहे, ज्याच्या शेजारच्या आगाशीस एके काळी जहाजे बांधली जात, आणि ज्याच्या दक्षिणेस वसईचा कोट दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या उत्तर कोकणातील सत्तेचे ठाणे होऊन राहिला, त्या गावाचा इतिहास केवळ शेतसाऱ्याच्या वहीतून वाचता येणार नाही, त्यासाठी समुद्राचेही दप्तर उघडावे लागेल, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठ्यांच्या आरमाराची गोष्ट निघाली म्हणजे आपण सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि कुलाबा यांची नावे घेतो, व ती घ्यावीतही. पण त्या आरमाराच्या जन्मकाळी वसईच्या कप्तानाने त्याला जो अपशकुन केला, आणि पुढे वसई हाती आल्यावर पेशव्यांनी जो नवा सुभा तेथे उभारला, त्या दोन्ही गोष्टी या आमच्या मुलखातल्या आहेत.

आगाशीपासून आरंभ करावा. वैतरणेच्या वरच्या अंगास सागाची राने आणि खाली खाडीच्या मुखाशी सुरक्षित बंदर, असा दुहेरी लाभ असल्यामुळे सोळाव्या शतकाच्या आरंभी, गुजरातच्या सुलतानांच्या अमलात, आगाशी हे इमारती लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे मातबर बंदर होते. पोर्तुगिजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते लुटले व जाळले, आणि दुसऱ्या खेपेस गुजरातची तीनशे तारवे नष्ट केल्याचे सांगतात. संख्येत अतिशयोक्ती धरली तरी एवढे खास की ज्याला हा किनारा घ्यावयाचा होता त्याने किल्ल्यांच्या आधी गोदीवर हात घातला. १५३४ च्या अखेरीस सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली, आणि मग या किनाऱ्यावर कोणाचे जहाज कोणत्या परवान्याने फिरेल हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला.

या बंदोबस्तात शिवाजी महाराज शिरले ते १६५७ च्या शरदात कल्याण-भिवंडी घेऊन. समुद्र तेथून खाडीच्या वाटेने हाकेच्या अंतरावर होता. परंतु शिडांची आणि तोफांची युद्धनौका बांधण्याची विद्या ज्यांना अवगत होती ते कारागीर बहुतांशी पोर्तुगिजांच्या पदरी होते. महाराजांनी त्यांतलेच लोक चाकरीस ठेवले. रुय लैतांव व्हिएगश आणि त्याचा पुत्र फेर्नांव यांच्या देखरेखीखाली, सुमारे ३४० पोर्तुगीज व मिश्र वंशाच्या माणसांच्या हातांनी वीस गलबतांचे काम चालू झाले, आणि ते जंजिऱ्याच्या सिद्दीवर चालविण्यासाठी आहे असे बाहेर सांगण्यात आले. वसईच्या कप्तानाला हे सांगणे पटले नाही. हा राजा एकदा समुद्रावर उतरला की उद्या आपल्याच बंदरांना भारी होईल, हे ओळखून त्याने त्या मंडळींना आतून निरोप पाठविले, आणि १६५९ साली व्हिएगश बापलेक आपल्या सर्व माणसांसह काम टाकून रातोरात निघून गेले. मला ही घटना मराठी आरमाराच्या सबंध इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना वाटते. लाकूड आपले, पैसा आपला, खाडी आपली, खलाशी आपले, आणि केवळ विद्या परक्याच्या स्वाधीन असल्यामुळे एका चिठ्ठीने सारा कारखाना ओस पडला. महाराजांनी तो ओस राहू दिला नाही, कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी हाताशी धरून काम पुरे केले, ही त्यांची थोरवी. पण या गोष्टीतून जो धडा मिळाला तो त्यांच्यामागून आलेल्यांनी किती लक्षात ठेवला, हा प्रश्न उरतोच.

त्या आरमारात होते तरी काय? सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी जी नावांची मालिका येते ती वाचताना आजच्या वाचकाला सर्व होड्या सारख्याच वाटतात. वस्तुतः लढाईचा भार दोनच जातींवर होता. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. दोन काठ्यांचे सुमारे दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांचे तीनशेपर्यंत. त्याचा पुढचा भाग लांब व निमुळता काढलेला असून त्यावरून नऊ ते बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या दोन तोफा थेट समोर मारा करीत. गलबत त्याहून पुष्कळ लहान, फार तर सत्तर टनांचे. पण त्याला शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ही असत, त्यामुळे वारा पडला तरी ते चालत राही, आणि वाऱ्याअभावी खिळून राहिलेल्या मोठ्या जहाजाकडे गुराब ओढून नेऊन त्याच्या मागल्या अंगास, जेथे त्याच्या तोफा चालत नाहीत तेथे, उभी करणे हे गलबतांचेच काम असे. दोहोंचा तळ उथळ होता. यात कोणाला दारिद्र्य दिसेल. मला त्यात या किनाऱ्याची अचूक पारख दिसते, कारण ज्या खाड्यांच्या मुखाशी गाळाचे बांध आहेत आणि ओहोटीला जेथे कोसभर चिखल उघडा पडतो, तेथे खोल तळाचे जहाज हे शत्रूच्या हाती दिलेले ओलीस होय.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर जे प्रकरण आहे त्यात हीच पारख राजनीतीच्या भाषेत मांडलेली आहे. वाऱ्यावाचून ज्याला हालता येत नाही असे अवजड जहाज नको, अगदी हलकेही नको, मध्यम प्रतीच्या गुराबा बांधाव्या. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा. पावसाळ्याची छावणी किल्ल्याच्या आश्रयाने करावी. असा सर्व तपशील त्यात आहे. परंतु त्यातील जो भाग वाचून मन भरून येते तो लाकडाचा आहे. साग वगैरे स्वराज्यातील रानांतून परवान्याने तोडावा, पण आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे, असे तो वृद्ध अमात्य बजावतो. ज्यांनी आपल्या परसातील फणस आजोबाच्या हातचा म्हणून जपला आहे त्या नंदाखालच्या वाडीवाल्यांना याची किंमत निराळी सांगावयास नको.

या रचनेचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही १६७९ साली खांदेरीपाशी एकाच वेळी दिसून आल्या. मुंबईच्या तोंडावरील त्या बेटावर महाराज किल्ला बांधीत होते आणि इंग्रज तो बांधू द्यावयास तयार नव्हते. १८ ऑक्टोबरला महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याची पन्नासच्या आसपास गलबते पहाटे इंग्रजांवर तुटून पडली. 'डव्ह' हे त्यांचे जहाज हाती लागले, काही तारवे पळाली, पण 'रिव्हेंज' हे मोठ्या तोफांचे एकच जहाज उभे राहिले आणि त्याने सगळ्या गलबतांना मागे हटविले. समोरासमोरच्या लढतीत लहान नौकांची गत ही अशी झाली. तथापि खांदेरीचे बांधकाम थांबले नाही, कारण त्याच गलबतांनी रात्रीच्या अंधारात वल्ह्यांवर इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बेटावर रसद पोचविणे चालू ठेवले, आणि शेवटी बेट मराठ्यांकडेच राहिले.

पुढे पेशव्यांच्या वसईच्या मोहिमेत हीच उणीव उलट्या बाजूने जाणवली. जमिनीवरून चिमाजीआप्पांचे सैन्य कितीही निकराने लढले तरी समुद्राची वाट उघडी होती आणि पोर्तुगिजांना त्या वाटेने रसद मिळत होती. म्हणून १७३७ साली वैतरणेच्या मुखावरील अर्नाळ्याचे बेट आधी घेण्यात आले, तेथे पेशवे बाजीरावांच्या आज्ञेने किल्ला नव्याने उभा राहिला, आणि मानाजी आंग्रे यांचे आरमार करंजाच्या बाजूने कामास आले. मे १७३९ मध्ये हजारो माणसे खर्ची पडून वसई मिळाली. त्यानंतर शंकराजी केशव यांच्या सरसुभेदारीत वसईस पेशव्यांचे स्वतःचे आरमार आकारास येऊ लागले, आणि जी खाडी दोन शतके पोर्तुगिजांच्या परवान्याखाली होती तीत मराठी निशाणाच्या गुराबा नांगरल्या.

येथून पुढे जे घडले ते लिहिताना हात जड होतो. दक्षिणेस विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांनी आरमार वाढवीत नेले होते. तीन डोलकाठ्यांची वीस तोफी तीन जहाजे, दोन काठ्यांची बारा ते सोळा तोफी नऊ, तेरा गलबते, आणि बांधणीत असलेल्या दोन जहाजांपैकी एक चाळीस तोफांचे, अशी त्याची मोजदाद इंग्रजांनी नोंदवून ठेवली आहे. जवळच गिर्ये येथे साडेतीनशे फूट लांबीची गोदी होती. म्हणजे उथळ पाण्याचे आरमार आपल्याच अनुभवाने खोल पाण्याकडे वळू लागले होते, आणि आधुनिकीकरण म्हणतात ते हेच. तुळाजींचा स्वभाव उद्धट होता, त्यांनी पेशव्यांचा अंमल मानला नाही, स्वराज्यातील प्रजेलाही त्यांचा उपद्रव होता, हे सर्व खरे. तरी त्यांना शासन करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार बोलवावे ही चूक होती असेच मला म्हणावे लागते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर मारा सुरू केला. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकून घेतलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर एक गोळा पडून ते पेटले, त्याची आग शेजारच्या नौकांना लागली आणि पाहता पाहता सगळे आरमार जळून गेले. किल्लाही इंग्रजांनी आधी आपल्या ताब्यात घेतला आणि तो परत देताना त्याच्या मोबदल्यात बाणकोट मिळविले. १६५९ साली शत्रूने कारागीर पळविले होते, १७५६ साली तर आपणच शत्रूला काडी दिली.

त्यानंतर आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाचा सुभा नावारूपास आणला, यात शंका नाही. १७७५ साली छेचाळीस तोफांचे 'शमशेरजंग' इंग्रजांशी लढताना स्फोट होऊन गेले, तर ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पाडाव केले. शौर्याची उणीव कधीच नव्हती. परंतु मुंबईत १७५० पासून दगडी कोरडी गोदी होती, सुरतेहून आलेले वाडिया घराणे पिढ्यानुपिढ्या तेथे सागाची जहाजे बांधीत होते, आणि ज्या ऋतूत आमची गलबते चिखलावर ओढून ठेवली जात त्या ऋतूत तेथे सुतारांचे हात चालू असत. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली, पाठोपाठ अर्नाळाही. सालबाईच्या तहाने ती परत आली. पण १८०२ च्या अखेरीस याच वसईत जो तह झाला त्यानंतर आरमार होते ते नावापुरतेच.

या अर्नाळ्याचे नाव १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे पुन्हा समुद्रावर उतरले. कोलकात्याच्या सरकारी गोदीने खासगी कारखान्याच्या भागीदारीत बांधलेली 'अर्नाळा' ही उथळ पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेणारी युद्धनौका सोळा नौकांच्या मालिकेतील पहिली होय. लांबी सुमारे ७७ मीटर, वजन दीड हजार टनांच्या आसपास, ऐंशी टक्क्यांहून अधिक सामग्री देशी. आणि डिझेल इंजिनाने पाण्याचा झोत मागे फेकून चालणाऱ्या नौदलाच्या युद्धनौकांत ती त्या वेळी सर्वांत मोठी होती. किनाऱ्यालगत, जेथे मोठ्या विनाशिका सहज वावरू शकत नाहीत, तेथे हिचे काम. तिच्या मानचिन्हावर शंख कोरलेला असून 'अर्णवे शौर्यम्' हे ब्रीद आहे.

ते वृत्त वाचले त्यानंतरच्या हिवाळ्यात मी अर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेलो. ओहोटी होती. होडी किनाऱ्याला लागू शकत नव्हती, म्हणून चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून तिच्यापर्यंत चालत जावे लागले, आणि तांडेलाने वाळूचा उंचवटा टाळण्यासाठी ती सरळ न नेता उत्तरेकडून वळसा घालून बेटाला लावली.