दूरचे ग्रह आणि भीमा-घोडकाठचे आकाश

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत असतील काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे निश्चित उत्तर मात्र अगदी अलीकडचे आहे. १९९२ मध्ये एका मृतवत ताऱ्याभोवती, म्हणजे स्पंदकाभोवती, ग्रह असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मायॉर आणि दिदिए केलोझ या जिनिव्हाच्या संशोधकांनी ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह शोधल्याचे जाहीर केले. या कार्याबद्दल त्यांना २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा पुष्टी झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

या इतिहासाचा शिरूर आणि दौंड तालुक्यांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध दुहेरी आहे. या शोधाच्या पूर्वेतिहासातील एक विस्मृत व्यक्ती पुण्यात घडली. आणि ज्या ताऱ्यापासून या नव्या युगाचा आरंभ झाला, तो तारा या तालुक्यांतील अंधाऱ्या शिवारातून नुसत्या डोळ्यांनी पाहता येण्याजोगा आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात हजार चंद्र आणि हजार सूर्य असलेल्या लोकधातूचे वर्णन येते, हे पालि वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. जग एकच नाही ही कल्पना त्या काळी मांडली गेली, ही गोष्ट विचारांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. परंतु त्यावरून आधुनिक ग्रहशोध आपल्या ग्रंथांत आधीच आला होता, असे म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. कल्पना आणि प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध झालेले ज्ञान यांत भेद आहे. धम्माला ‘एहिपस्सिक’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे आवाहन करणारा, म्हटले आहे. त्या विशेषणाशी इमान राखावयाचे तर हा भेद पुसून चालणार नाही.

आता पुण्याकडे वळू. मुंबई अभियंता दलातील अधिकारी विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांची मोजमापे घेणे हा त्यांचा छंद होता. पुण्यातून निरीक्षिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली. या कामगिरीमुळे पुढे त्यांच्याकडे मद्रास वेधशाळेची सूत्रे आली. तेथे असताना १८५५ मध्ये त्यांनी भुजंगधारी तारकासमूहातील ‘७० ऑफियुची’ या जोडताऱ्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या दोन ताऱ्यांची गती गणिताने काढलेल्या कक्षेशी जुळत नव्हती. तेव्हा एखादा न दिसणारा ग्रह तिच्यात व्यत्यय आणीत असावा, असे त्यांनी सुचविले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाविषयी निरीक्षणांच्या आधारे केलेल्या अगदी पहिल्या दाव्यांत याची गणना होते.

हा दावा टिकला नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेतील टी. जे. जे. सी यांनीही त्याच ताऱ्याजवळ अदृश्य पिंड असल्याचे म्हटले. परंतु १८९९ मध्ये मूल्टन यांनी असे पिंड त्या कक्षेत स्थिर राहू शकत नाही, हे गणिताने दाखविले. आजतागायत तेथे कोणत्याही ग्रहाची पुष्टी झालेली नाही. जेकब हे पाहावयास उरले नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याची त्यांची योजना ब्रिटिश संसदेने मान्य करून १८६२ मध्ये १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वखर्चाने घेतली. ८ ऑगस्ट रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यास पोहोचताच निधन पावले. त्यांचा निष्कर्ष चुकला, परंतु पद्धती व्यर्थ ठरली नाही. न दिसणारा सोबती दिसणाऱ्या ताऱ्याच्या गतीवरून ओळखावा, हेच तत्त्व १९९५ मध्ये कितीतरी सूक्ष्म साधनांनिशी यशस्वी झाले.

जेकब यांच्यानंतर पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ही परंपरा पुढे नेली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आरंभ झालेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ मध्ये पूर्ण झाली. तेथील वीस इंची दुर्बीण भारतातील त्या काळची सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला यांनी आपला तळ जेऊर येथे ठोकला. हे स्थान पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही तेच ठिकाण निवडले होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी सातासमुद्रापलीकडून माणसे या कोरड्या माळावर आली, ती येथील निरभ्र आकाशाच्या भरवशावर. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि सामान्य हौशी माणसाला आकाशाचे दार पुन्हा उघडले.

विद्यमान काळात या परिसराचे महत्त्व आणखी वाढले आहे. ज्या जुन्नर तालुक्यात प्राचीन बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत, त्याच तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. जुलै २००९ मध्ये फ्रेंच व भारतीय संशोधकांना या दुर्बिणीत ‘हॅट-पी-११ बी’ या ग्रहाच्या दिशेकडून एक क्षीण रेडिओ संदेश आल्याचा भास झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा पाहिले असता तो आढळला नाही. संशोधकांनी शोधाचा डांगोरा न पिटता केवळ ‘संकेत’ एवढाच शब्द वापरून दोन्ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. जे दिसले ते सांगावे आणि जे पुन्हा दिसले नाही तेही सांगावे, हा प्रांजळपणा आम्हांस मोलाचा वाटतो.

तथापि हे सर्व वेधशाळांपुरतेच आहे असे समजू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्याजवळ येतो. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, चौकोनाच्या किंचित बाहेर पश्चिमेस, एक अंधूक तारा आहे. तोच ५१ पेगासी. तो सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर आहे. चांदणे नसलेल्या रात्री, खऱ्या अंधारात, तीक्ष्ण नजरेला तो दिसतो; साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून सहज दिसतो. त्याचा ग्रह अर्थातच दिसत नाही. गुरूच्या निम्म्याच्या आसपास वस्तुमानाचा तो ग्रह अवघ्या ४.२३ दिवसांत ताऱ्याला प्रदक्षिणा घालतो आणि त्याच्या ओढीने तारा किंचित डुलतो. वर्णपटातील रेषांच्या सूक्ष्म सरकण्यातून ते डुलणे ओळखले गेले. हे समजून घेऊन त्या ठिपक्याकडे पाहणाऱ्याचे पाहणे पूर्वीचे राहत नाही.

अडचण आहे ती अंधाराची. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या, रस्ते उजळले. हे इष्टच आहे; उपजीविकेला आणि सुरक्षिततेला उजेड हवा. परंतु वर आकाशात जाणारा उजेड कोणाच्याही उपयोगी पडत नाही. दिव्यांना वरून झाकण घातले आणि प्रकाश जमिनीकडे वळविला, तर वीजही वाचते आणि तारेही वाचतात. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका ग्रहाच्या नामकरणाचा मान आला, तेव्हा पुण्याच्या एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविलेले ‘संतमस’ हे नाव निवडले गेले. ग्रहाच्या ढगाळ वातावरणास उद्देशून ते दिले असले, तरी संस्कृतात ‘संतमस’ म्हणजे सर्वत्र दाटलेला अंधार. त्याच अंधाराचे आता आपल्या गावात रक्षण करावयाचे आहे.

आमची सूचना साधी आहे. या दोन तालुक्यांतील विहारांनी व शाळांनी अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री मुलांना गावाबाहेरच्या माळावर न्यावे, भाद्रपदांचा चौकोन दाखवावा आणि एक वही ठेवावी. तिच्यात दिनांक, वेळ, ठिकाण आणि त्या चौकोनाच्या आत किती तारे मोजता आले, एवढेच लिहावे. न दिसले तर तेही लिहावे. दरवर्षी त्याच जागेवरून केलेली अशी नोंद गावाच्या आकाशाचा इतिहास होईल. पुण्यातील एका छोट्या वेधशाळेतही कामाचा आरंभ अशाच नोंदींनी झाला होता.