पुन्हा वर्गात : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बाल न्याय मंडळाचा आदेश कधी संपणार, ती तारीख कागदावर असते. तो मुलगा पुन्हा शाळेत कधी बसणार, ती तारीख कुठेच नसते. या दोन तारखांच्या मध्ये काय घडते, कोणता कागद अडतो, कोण धावपळ करते आणि कोणती मुले कायमची गळतात, याचा शोध घेणारे हे क्षेत्र आहे. शिक्षणशास्त्र, समाजकार्य आणि कायदा या तिघांचाही हा विषय आहे. त्यामुळेच तो बहुधा कोणाच्याच अभ्यासक्रमात पुरता येत नाही. छत्रपती संभाजीनगरातून, मराठवाड्याच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून, त्याची ही ओळख.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार प्रकरण मंडळापुढे जाते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. जामीन हा नियम आहे. तो न मिळालेला मुलगा चौकशी होईपर्यंत निरीक्षणगृहात राहतो. दोष आढळला तरी मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, परिविक्षेवर सोडू शकते, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही, पण ज्यांना घरात सुरक्षितता नाही, अशी मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात जातात. वाटा वेगळ्या, पण शाळा दोघांचीही सुटते.

बाहेरून पाहणाऱ्याला तीन वर्षांचा आदेश भयंकर वाटतो. शाळेच्या हिशेबात तीन आठवडेही पुरतात. दहावीतला मुलगा फेब्रुवारीत निरीक्षणगृहात आला तर तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके, हॉल तिकीट, सगळे त्याच काळात येते. मंडळ त्याला परीक्षेला बसवण्याचा आदेश देऊ शकते, सोबतचा पोलीस साध्या वेशात जाऊ शकतो. पण हा मुलगा दहावीत आहे, त्याची परीक्षा अमुक तारखेला आहे, हे त्याच आठवड्यात कोणीतरी मंडळाला सांगावे लागते. परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात शिक्षणाचा रकाना असतो. त्यात ‘दहावीत शिकत आहे’ एवढेच लिहिले की काम झाले असे वाटते. शाळेचे नाव, वर्गशिक्षकांचा फोन, हजेरी, परीक्षा अर्ज भरला की नाही, हे तिथे लिहिले गेले तर एक वर्ष वाचते. माझे या विषयातले ठाम मत इथेच सांगून टाकते : शाळेत परतण्याची तयारी सुटकेच्या दिवशी सुरू झाली तर ती उशिरा सुरू झाली. ती दाखल होण्याच्या दिवशी सुरू व्हायला हवी.

कायद्यातला सर्वांत मोठा खड्डा नेमका हायस्कूलच्या दारात आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत संरक्षण देतो. त्याच्या कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे असते, मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते, आणि असा प्रवेश मिळालेल्या मुलाला चौदा उलटल्यावरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकता येते. कलम 5 मुख्याध्यापकांना बदलीचा दाखला तात्काळ द्यायला लावते. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. उत्तम तरतुदी आहेत. पण मंडळापुढे येणारा मुलगा पंधरा-सोळाचा, नववी-दहावीतला असला, तर हे कवच त्याच्यावरून निघून गेलेले असते. तिथून पुढे माध्यमिक शाळा संहिता, संस्थाचालकांची मर्जी आणि मुख्याध्यापकांचा स्वभाव. राज्याच्या शिक्षण विभागाची बालरक्षक चळवळ शाळाबाह्य मुले शोधून वर्गात आणते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांमुळे बीड-जालन्याच्या शिक्षकांना हे काम चांगले परिचयाचे आहे. तोच हात निरीक्षणगृहाच्या फाटकापर्यंत पोहोचला पाहिजे.

जूनमध्ये हायस्कूलच्या कार्यालयात काय होते ते जवळून पाहा. आई मुलाला घेऊन लिपिकाच्या टेबलापुढे उभी. ‘दाखला कुठाय?’ हा पहिला प्रश्न. दाखला जुन्या शाळेत. जुन्या शाळेने मुलगा येत नाही म्हणून युडायस या ऑनलाइन शालेय नोंदप्रणालीच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकलेला. नव्या शाळेने त्याला तिथून उचलून घेतल्याशिवाय ऑनलाइन नोंद होत नाही, आणि त्यासाठी लागणारा पेन हा विद्यार्थी क्रमांक आईला ठाऊक नाही. ‘मधलं वर्ष कुठं होता?’ हा दुसरा प्रश्न, आणि तोच खरा अवघड. आई खरे बोलली तर प्रवेश जाण्याची भीती, खोटे बोलली तर पुढे पकडले जाण्याची. अशा वेळी बहुतेक आया ‘गावाकडं होता’ म्हणतात. दाखल्यावर ‘वर्तणूक’, ‘शाळा सोडण्याचे कारण’ आणि ‘शेरा’ असे रकाने असतात. त्यांतल्या एका ओळीने त्या मुलाचे पुढचे दहा वर्षांचे आयुष्य ठरू शकते.

कायदा या आईच्या बाजूने आहे, फक्त तो तिच्या हातात कोणी दिलेला नसतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मधील तत्त्वांत नवी सुरुवात आणि गोपनीयता ही दोन्ही आहेत. कलम 24 नुसार, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा अपवाद सोडला, तर दोष सिद्ध झाल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता मुलाला लागू होत नाही. कलम 74 ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांना त्या नोंदी देता येत नाहीत. जगाने हे याहून नेमक्या शब्दांत सांगितले आहे : स्वातंत्र्यापासून वंचित मुलांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये संमत केलेल्या नियमांनुसार, संस्थेत असताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर मुलगा संस्थेत होता याचा कसलाही मागमूस असता कामा नये, आणि शक्य तिथे शिक्षण संस्थेच्या भिंतीबाहेर, समाजातल्या नेहमीच्या शाळेतच द्यावे. अमेरिकेत तर सुधारगृहातून शाळेत परतणे हा केंद्रीय शिक्षण कायद्याचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यासाठी राज्यांना निधी मिळतो.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या दिशेने वाढली. मुंबईत 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. पुढे 1897 चा सुधारशाळा कायदा आणि 1924 चा मुंबई मुलांचा कायदा आला. हातात कसब द्यावे म्हणजे मुलगा मार्गी लागेल, हा त्यामागचा विचार होता. तो वाईट नव्हता, पण त्याची सावली अजून हटलेली नाही. संस्थेतल्या मुलासाठी शिवणकाम किंवा वायरिंग लगेच सुचते. त्याला बीजगणित आवडत असेल, हे सुचत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे या शहरात हेल्परचे काम मिळणेही अवघड नाही. सोळा वर्षांच्या मुलाला घरचेच म्हणतात, आता शाळा कशाला.

आणि मग येतो सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची ही सोय मोलाची आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली या पाच जिल्ह्यांसाठी विभागीय मंडळ याच शहरात आहे. राष्ट्रीय आणि राज्य मुक्त विद्यालयाचे पर्यायही आहेत. ज्याला खरोखरच काम करणे भाग आहे, त्याच्यासाठी ते वरदान ठरतात. पण नियमित प्रवेश टाळण्यासाठी मुख्याध्यापक जेव्हा ‘त्यापेक्षा सतरा नंबर भरा की’ म्हणतात, तेव्हा मुलाच्या हातून बाक, सोबती, प्रयोगशाळा आणि रोज सकाळी नाव पुकारणारी हजेरी निघून जाते. वाट चुकलेल्या मुलाला परीक्षेपेक्षा या चार गोष्टींची गरज जास्त असते, असे मी मानते.

उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला सामावून घेण्याचा वारसा या शहराला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. पिढ्यान् पिढ्या शिक्षणाबाहेर ठेवलेल्या घरांतली मुले त्याच्या नागसेनवन परिसरात आली, तेव्हा वर्गाच्या जोडीला वसतिगृहही उभे राहिले. नुसता प्रवेश दिल्याने विद्यार्थी टिकत नाही, त्याच्या राहण्याखाण्याचाही विचार करावा लागतो, हे तिथे ओळखले गेले होते. आज मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेत पात्र मुलाला दरमहा 4,000 रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षात ते मिळाले तर हेल्परच्या पगाराशी शाळेला थोडी तरी झुंज देता येते.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो फार कमी होतो. जून 2025 च्या अखेरीस याच शहरातल्या छावणी भागातील एका बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तपासाचे आणि देखरेखीचे प्रश्न त्यातून पुढे आले, ते यायलाच हवे होते. शाळा सुरू झाल्याचे ते दिवस होते. अशा वेळी संस्था बदलली की शाळाही बदलते, आणि त्या बदलाची जबाबदारी नावानिशी कोणाकडे असते, हा आपल्या क्षेत्राचा प्रश्न आहे.

नव्या अभ्यासकांना एक विनंती. परतलेल्या मुलांना शोधत शाळेत जाऊ नका. ‘तुमच्याकडे निरीक्षणगृहातून आलेला मुलगा कोणता?’ असे शिक्षकखोलीत विचारणारा अभ्यासक तिथल्या तिथे त्या मुलाचे नुकसान करतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. कायद्याने या नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट व्हायच्या असतात, आणि ते योग्यच आहे. मुलांवर नजर ठेवण्यापेक्षा व्यवस्थेवर ठेवा. बाल न्याय मंडळाच्या परवानगीने, नावे झाकून, आदेश संपल्यापासून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. ते दिवस दाखल्यापायी गेले, शुल्कापायी, की नुसत्या नकारापायी, ते लिहून ठेवा. ज्या मुख्याध्यापकांनी काही न विचारता नाव घातले, त्यांच्याशी बोला; त्यांनी ते कसे जमवले हे अजून कोणत्याही परिपत्रकात आलेले नाही. आणि पहिली भेट लिपिकांची घ्या. त्यांच्याकडे अर्धी उत्तरे तयार असतात.