खराटा आणि तासांची वही

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पण वऱ्हाडातल्या माणसाला, मग तो अमरावतीचा असो की आपल्या डोणगावचा, ही गोष्ट त्याहून जुनी वाटते. अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारीत. त्यांना झाडताना पाहून लोकही झाडू लागत. हुकूम कोणाचा नसे. पुढे तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमदानाला गावाच्या कारभारात जागा दिली.

योजनेत हीच सेवा मोजली गेली : दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचे शिबिर. या मोजणीची थट्टा करणे सोपे आहे. मीही ती केली आहे. परंतु तासांची वही नसती, तर शहरातली किती मुले खेड्यात मुक्कामाला गेली असती? अडचण निराळीच आहे. बाबा रात्री गावाला बोलते करीत. शिबिरात पुष्कळदा पाहुणा बोलतो आणि गाव सतरंजीवर बसून ऐकते. जसे आता आपण माझे ऐकत आहात.