दूरची पदवी, जवळचा वर्ग

पदवी दुरून येणे ही नागपुरात इंटरनेटने आणलेली नवलाई नाही. हिस्लॉप कॉलेज 1883 मध्ये सुरू झाले, मॉरिस कॉलेज 1885 मध्ये. पण शहराला स्वतःचे विद्यापीठ मिळायला 1923 चा ऑगस्ट उजाडावा लागला. मधली जवळपास चाळीस वर्षे वर्ग नागपुरात भरत होते आणि पदवी मिळत होती आधी कोलकात्याची, मग अलाहाबादची. हिस्लॉपमध्ये पहिले तास झाले तेव्हा नागपूरहून हावड्याला थेट रेल्वेसुद्धा नव्हती. म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या एखाद्याने उच्च शिक्षणातील अध्यापनाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घेतली की ‘घरबसल्या मिळवलेली’ म्हणून जी नाके मुरडली जातात, त्यांना या शहराच्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही. उलट मला असे दिसते की त्या जुन्या अंतरानेच इथल्या अध्यापनात एक उणीव रुजवली, आणि ती भरून काढण्याची खरी संधी आज या नव्या दूरच्या पदवीतच आहे.

1857 ची आपली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. शिकवणे कॉलेजांकडे, परीक्षा घेणे विद्यापीठाकडे. अभ्यासक्रम तिकडे ठरायचा, प्रश्नपत्रिका तिकडे निघायची, उत्तरपत्रिका तिकडेच तपासल्या जायच्या. वर्गात उभ्या असलेल्या प्राध्यापकाच्या हाती उरायचे नेमलेले पुस्तक आणि वर्षाअखेरचा निकाल. अशा व्यवस्थेत चांगला शिक्षक कोण? जो पोर्शन वेळेत संपवतो, नेमक्या नोट्स देतो तो. विद्यार्थ्याला विषय कळला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला आली नाही. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, नागपूर विद्यापीठ उभे राहिले, पण संलग्न कॉलेजांची घडी तीच राहिली. गोंदियातल्या किंवा भंडाऱ्यातल्या कॉलेजासाठी आता नागपूरच कोलकाता झाले.

या घडीचा परिणाम पात्रतेच्या नियमांत आजही स्पष्ट दिसतो. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते. तिथे पाठाचे टाचण काढावे लागते, सूक्ष्म अध्यापनात पाच-सात मिनिटांत फक्त प्रश्न विचारण्याचे किंवा फक्त फलकलेखनाचे कौशल्य घोटावे लागते, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकासमोर सराव पाठ द्यावे लागतात. कॉलेजात शिकवायला मात्र एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि नेट-सेट पुरते. नेटच्या दोन्ही पेपरांत मिळून 150 प्रश्न असतात. अध्यापन या घटकावर त्यातले पाच, तेही पर्याय निवडायचे. अठरा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी शिक्षकाला स्वतः काही शिकावे लागत नाही, असेच आपण यातून सांगत आलो आहोत. कोठारी आयोगाने (1964-66) नव्या व्याख्यात्यांनी चांगल्या प्राध्यापकांचे तास बसून ऐकावेत, असे सुचवले होते. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, नागपूर विद्यापीठातही. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर सुरू झाले, पण ते बढतीला जोडले गेले आणि अनेकांच्या लेखी ती बढतीची एक पायरीच ठरली.

कॉलेजच्या शिक्षकानेही शिकवायला शिकावे, यावर जुना आक्षेप असा, की विषय पक्का असला की शिकवणे आपोआप येते. मोठे प्राध्यापक कुठे प्रशिक्षण घ्यायला गेले होते? ते गेले नव्हते हे खरे. पण अपवादांवर व्यवस्था चालत नाही, आणि शिकवणे हे तपासता येण्याजोगे काम आहे. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. विषयात डॉक्टरेट असून ही गोष्ट कुणाला ठाऊक नसेल, तर दोष त्या व्यक्तीचा नाही. ती सांगण्याची सोयच आपण केली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शिकवणे पडद्यावर कसे शिकणार? नुसते व्हिडिओ पाहून आणि स्वाध्याय जमा करून नाहीच येणार. तशी पदवी म्हणजे कोलकात्याच्या परीक्षेचीच पुनरावृत्ती. पण शिक्षकाला वर्ग शोधायला बाहेर जावे लागत नाही, तो रोज त्याच्यासमोर असतो. त्याने आपल्या 48 मिनिटांच्या तासाचे चित्रीकरण पाठवावे, दूरच्या मार्गदर्शकाने ‘इथे प्रश्न विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलेत’ असे बोट ठेवून दाखवावे, पुढच्या आठवड्यात तोच धडा बदलून घ्यावा. हे होत असेल तर अंतराने काही बिघडत नाही, आणि होत नसेल तर समोरासमोरच्या वर्गातली पदवीही पोकळच. पदवी निवडताना पाहायचे ते एवढेच.

आणि ही पदवी ज्यांना सर्वांत जास्त हवी, ते तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक. रिफ्रेशर त्यांना परवडत नाही, कारण तास बुडाला की मानधन बुडते. ज्या बढतीसाठी इतर लोक तो करतात, ती त्यांना नाहीच. रात्री घरी बसून शिकता येणारा अभ्यासक्रम त्यांच्या आवाक्यातला आहे. मान्यतेचा प्रश्नही उरलेला नाही: मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानावी, असे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केले आहे. अडते ते निवडीपाशी. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी गुणांचा तक्ता आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, एम.फिल., पीएच.डी., नेट, शोधनिबंध, अनुभव, पुरस्कार, सगळ्यांना त्यात गुण आहेत. शिकवायला शिकल्याबद्दल वेगळा रकाना नाही. तो आधी घालायला हवा.