क्रू रिसोर्स मॅनेजमेंट

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (सीआरएम) : विमानात एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांशी कसे बोलावे, शंका कशी मांडावी आणि वरिष्ठांनी ती कशी ऐकावी, याचे प्रशिक्षण. विमान उडवण्याचे कौशल्य त्यात शिकवले जात नाही. ते आधीच अंगी असते असे धरलेले असते. सुरुवातीला नावात ‘क्रू’ऐवजी ‘कॉकपिट’ हा शब्द होता. पुढे केबिनमधील कर्मचारीही या प्रशिक्षणात आले आणि नाव बदलले.

या विचाराला निकड आली ती १९७० च्या दशकातील अपघातांमुळे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफच्या विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. दाट धुके होते. केएलएमचा कॅप्टन त्या कंपनीत ७४७ च्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. त्याने इंजिनांचा जोर वाढवायला घेतला तेव्हा परवानगी अजून बाकी असल्याचे सहवैमानिकाने त्याला सांगितले. कॅप्टन थांबला. थोड्या वेळाने उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी आली, उड्डाणाची नव्हे. तरी विमान निघाले, आणि या वेळी सहवैमानिकाने त्याला टोकले नाही. नियंत्रकाला त्याने जे कळवले त्याचे दोन अर्थ होत होते. नियंत्रकाचे ‘थांबा’ आणि पॅन अ‍ॅमचा संदेश रेडिओवर एकाच क्षणी आल्याने नीट ऐकू गेले नाहीत. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. प्रश्न योग्यच होता, पण तो प्रश्नच राहिला. कॅप्टनने ठामपणे ‘झाले आहे’ म्हटल्यावर विषय संपला. या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान इंधन संपून कोसळले. दहा जण दगावले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि विमान तासभर घिरट्या घालत होते. इंधन घटत असल्याचे इतर दोघांना दिसत होते, त्यांनी ते बोलूनही दाखवले, पण कॅप्टनचे लक्ष वेधले जाईल इतक्या जोरकसपणे नाही. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) कॅप्टनला सहभागी नेतृत्व आणि इतरांना ठामपणा शिकवण्याची शिफारस केली. जून १९७९ मध्ये नासाने याच प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने पहिला सर्वांगीण अभ्यासक्रम सुरू केला. १९ जुलै १९८९ रोजी याच कंपनीच्या डीसी-१० च्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत असलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कामाला लावून, सर्वांचे म्हणणे ऐकत, विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स यांनी याचे बरेच श्रेय या प्रशिक्षणाला दिले.

बोलण्याच्या धाटणीचा सूक्ष्म अभ्यास भाषावैज्ञानिक आणि मानसशास्त्रज्ञ यांनी केला. ऊटे फिशर आणि जुडिथ ओरासानू यांनी एकच गोष्ट किती पायऱ्यांनी सौम्य करता येते ते मांडले. समोर वादळ आहे असे समजू. ‘उजवीकडे तीस अंश वळा’ हा हुकूम झाला. ‘आपल्याला आता वळायला हवं’, ‘वळू या का?’ ही उतरती भांजणी. आणि शेवटी ‘समोरचा ढग जरा जास्तच काळा दिसतोय’ हा नुसता इशारा. त्यांच्या अभ्यासात कॅप्टन बहुधा हुकमाची भाषा निवडत आणि सहवैमानिक इशाऱ्याची. यात भित्रेपणा कमी आणि हिशेब जास्त असतो : इशारा चुकीचा ठरला तर कोणाचा अपमान होत नाही. कॉकपिटमध्ये मात्र तो न कळण्याची किंमत फार मोठी. म्हणून सीआरएमचा भर धीट माणसे घडवण्यापेक्षा ठरावीक शब्द आणि क्रम नेमून देण्यावर आहे. अमुक उंचीवर विमान स्थिर नसेल तर तसे म्हणायचेच. दोनदा सांगून उत्तर आले नाही तर ताबा घ्यायचा. बोलणे नेमून दिलेले असले की ते उद्धटपणाचे राहत नाही.

जास्त बोलणेही घातकच. १९८१ पासून अमेरिकेत दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त गप्पांना मनाई आहे.

वरिष्ठांपुढे आडून बोलण्याचा दोष विशिष्ट संस्कृतींचा आहे, असे मत माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ (२००८) या पुस्तकामुळे लोकप्रिय झाले. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलेले कोलंबियाचे विमान, ज्याच्या सहवैमानिकाने ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही, आणि १९९७ मधील कोरियन एअरचा ग्वाममधील अपघात ही त्याची उदाहरणे. स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण अपुरे आहे. तेनेरीफचे वैमानिक डच होते आणि पोर्टलंडचे अमेरिकन. सडेतोडपणाबद्दल ख्याती असलेल्या या समाजांतही धाकटा माणूस आडूनच बोलला.

भारतातील अनुभव आणखी एक पेच दाखवतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले, १५८ मृत्यू. सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास, सांगितले होते. शब्द नेमका होता, वेळीच उच्चारलाही होता. ताबा मात्र त्याने घेतला नाही. सहवैमानिकाने स्वतः गो-अराउंड करावा की नाही याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, हे त्यामागचे संभाव्य कारण चौकशी अहवालात नोंदले गेले. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघाताच्या अहवालातही ‘गो-अराउंड’ची हाक दुर्लक्षिली गेल्याचे आणि दुसऱ्या वैमानिकाने ताबा न घेतल्याचे म्हटले आहे. बोलण्याची मुभा आणि हात घालण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बऱ्याच संस्था पहिली देतात आणि तेवढ्यावर थांबतात.

विमानाबाहेर ही पद्धत सर्वांत ठळकपणे शस्त्रक्रियागृहात पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली एकोणीस कलमी सुरक्षा यादी शल्यविशारद अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. चिरा घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले आहे ना, याची खातरजमा करणे हे यादीतील एक कलम. त्यानंतर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी आपापल्या चिंता बोलून दाखवायच्या असतात. परिचारिकेची पाळी यादीतच छापलेली असल्याने तिला बोलण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.