दंड, शिस्त आणि हक्क : वर्धा शिक्षणयोजनेचा एक पैलू

वर्धा शिक्षणयोजनेची चर्चा बहुधा तीन अंगांनी होते : हस्तोद्योग, स्वावलंबन आणि मातृभाषा. शाळेतील शिस्तीचा प्रश्न त्या मानाने मागे राहतो. वस्तुतः शिक्षणाचे केंद्र पुस्तकाकडून श्रमाकडे नेणाऱ्या योजनेला शिक्षकाच्या हातातील छडीचे काय करावयाचे, हे ठरविणे भागच होते. तिने छडीच्या जागी काय ठेवले, आणि त्या व्यवस्थेत विद्यार्थ्याला हक्क म्हणून काय मिळाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

पंतोजींच्या शाळेतील अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे आणि छडी खाणे या शिक्षांना रूढीचा आधार होता. इंग्रजी अमदानीत त्या रूढीला कायद्याचे पाठबळ मिळाले. शाळेत शिक्षक हा पित्याच्या जागी असतो, हे इंग्लंडच्या रूढ कायद्यातील तत्त्व होय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत शिक्षकाचा नामनिर्देश नव्हता. तथापि कलम ८८ आणि ८९ यांन्वये दुसऱ्याच्या हितासाठी, संमतीने आणि सद्भावाने केलेले कृत्य काही मर्यादेत गुन्हा ठरत नसे. बारा वर्षांखालील बालकाच्या बाबतीत ही संमती त्याच्या पालकाची असे.

या कलमांचा शाळेपुरता अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या घाटगे खटल्यातील निर्णयात स्पष्ट दिसतो. पालक मुलाला शाळेत घालतो तेव्हाच शाळेच्या शिस्तीला आणि तदनुषंगिक शिक्षेला त्याने गर्भित संमती दिली असे समजावयाचे, हे त्यातील सूत्र होते. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात, नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. परंतु दंडसंहिता दोन्हीकडे एकच होती. या संपूर्ण विवेचनात शिक्षक आणि पालक असे दोनच पक्ष आहेत. ज्याच्या पाठीवर छडी उमटावयाची तो विद्यार्थी त्यात पक्ष म्हणून कोठेच नाही.

२

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम, आणि त्या उत्पन्नातून क्रमशः शिक्षकांच्या वेतनाचा भार उचलला जाण्याची अपेक्षा, असे चार ठराव तिने संमत केले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला आणि श्रीकृष्णदास जाजू हे समितीचे सभासद होते. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये योजनेला मान्यता दिली आणि त्यानंतर हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला.

या अहवालातील नागरिकत्वाची कल्पना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नव्या पिढीला आपले प्रश्न, आपले हक्क आणि आपली कर्तव्ये समजून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि शाळा हा सहकार्याने काम करणारा समाज असला पाहिजे, असे त्यात प्रतिपादिले आहे. शिस्त ही बाहेरून लादण्याची वस्तू नसून समाईक कामातून उत्पन्न होणारी गोष्ट होय, असा याचा अर्थ. सूतकताईत एकाने कुचराई केली तर तिचा परिणाम सर्वांच्या कामावर होतो. दोषाची जाणीव करून देण्यास तेथे छडीची गरज उरत नाही.

सेवाग्राम येथे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्या मार्गदर्शनाखाली ही कल्पना प्रत्यक्षात आली. स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य, शेती अशा कामांची जबाबदारी विद्यार्थ्यांनी निवडलेले मंत्री पाळीपाळीने वाहत आणि आपल्या कामाचा वृत्तान्त सभेपुढे मांडीत. जमाखर्च, तक्रारी आणि चुका यांची चर्चा तेथेच होई. विद्यार्थी नियमांचा केवळ विषय न राहता काही अंशी नियमांचा कर्ता झाला, ही या प्रयोगाची खरी कमाई होय.

३

येथेच या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. उद्योगाच्या आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा आणि मुलांकडून अधिकाधिक श्रम काढून घेतले जाण्याचा धोका झाकिर हुसेन समितीने स्वतःच नमूद केला होता. मुलाला शाळेपासूनच संरक्षण लागू शकते, याची ही प्रांजळ कबुली होती. परंतु त्यावर समितीने सुचविलेला उपाय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि देखरेख करणाऱ्यांच्या दक्षतेचा होता. धोका प्रत्यक्षात उतरलाच, तर मुलाने कोणाकडे जावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

गांधीजींच्या शिक्षणविचारातही हाच भाव आढळतो. टॉल्स्टॉय फार्मवर एका उद्दाम विद्यार्थ्याला आपण रूळ मारला, याची कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे आणि त्या कृत्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला आहे. पुढे १९१३ साली शिष्यांच्या नैतिक स्खलनासाठी त्यांनी स्वतः उपवास पत्करला. दंड विद्यार्थ्याच्या अंगावरून गुरूच्या अंगावर गेला. नैतिक दृष्ट्या हे स्थित्यंतर असामान्य आहे. तरीही विद्यार्थ्याची सुरक्षितता गुरूच्या विवेकावरच अवलंबून राहिली. विवेकी गुरू असेल तेथे ती अढळ. नसेल तेथे शून्य. आर्यनायकम् दांपत्यासारखे शिक्षक प्रत्येक गावाला लाभणे शक्य नव्हते. १९५९ साली तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. अन्यत्र बुनियादी शाळांतून पुष्कळदा चरखा उरला आणि सभा गेली. सभा गेल्यावर जुनी छडी परतण्यास आडकाठी करील असा कोणताही नियम योजनेने मागे ठेवलेला नव्हता.

४

तो नियम आला निराळ्या मार्गाने. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने शाळेची शिस्त बालकाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी असे बंधन घातले. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पेरेंट्स फोरम फॉर मीनिंगफुल एज्युकेशन’च्या याचिकेवर निर्णय देताना शारीरिक शिक्षेला मुभा देणारा दिल्लीच्या शालेय नियमावलीतील नियम रद्द ठरविला. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्यानुसार झालेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली व ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद केली. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास कलम १६ ने बंदी घातली. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे नेण्याची वाट कलम ३२ ने खुली केली. शिस्तीच्या इतिहासातील आजवरचा अनुपस्थित पक्ष अशा रीतीने कायद्याच्या पानावर आला.

मात्र हा कायदाही अपुराच आहे. त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते आहे; सेवाग्रामच्या परिभाषेत ज्याला उत्तर बुनियादी म्हणत, त्या वयाचा विद्यार्थी कलम १७ च्या कक्षेबाहेर राहतो. दंडसंहितेतील जुने अपवादही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २६ व २७ या रूपाने कायम आहेत. शिवाय कायदा शिक्षकाला काय करू नये ते सांगतो. शिस्त कशी निर्माण व्हावी, हे सांगत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना मिळाल्या. परंतु नियम घडविण्यात विद्यार्थ्याचा वाटा किती, या प्रश्नाला कायदा स्पर्श करीत नाही.

५

तात्पर्य, वर्ध्याने विद्यार्थ्याला सहभाग दिला, पण हक्क दिला नाही. नव्या कायद्याने हक्क दिला, पण सहभाग दिला नाही. सहभाग नसलेला हक्क तक्रारीच्या कागदापुरता उरतो, आणि हक्काचा आधार नसलेला सहभाग चांगल्या शिक्षकाच्या बदलीबरोबर संपतो. २००५ साली सेवाग्राम येथे ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमेची शाळा पुन्हा सुरू झाली आणि पाच वर्षांनी शिक्षणहक्क कायदा लागू झाला. या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी शिक्षणाच्या अभ्यासकाने त्या एकत्र वाचणे आवश्यक आहे. छडीला मनाई करण्याचे काम विधिमंडळाचे होय. तिच्या रिकाम्या जागी मुलांची सभा बसविण्याचे काम मात्र शाळेलाच करावे लागेल, आणि ते कसे करावे याचा सर्वांत जवळचा दाखला वर्धा जिल्ह्यातच आहे.