बीएमसीची कॉन्फिगरेशन फाइल: एक छोटा इतिहास

बीएमसी म्हटले की मुंबईकराला महानगरपालिका आठवते. या पाठातील बीएमसी म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेला हा एक लहान, स्वतंत्र संगणकच असतो. सर्व्हर बंद असला तरी वीज जोडलेली असेपर्यंत तो जागा राहतो. त्याच्यामार्फत तुम्ही दूर बसून सर्व्हर चालू-बंद करू शकता, तापमान आणि पंख्यांचा वेग पाहू शकता. मग त्याचा आयपी पत्ता, वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार कसे ठरवायचे? या प्रश्नाच्या इतिहासाचा एक धागा आपल्या तंजावरच्या परिसरापर्यंत येतो.

१९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी आयपीएमआय हे समान मानक जाहीर केले. २००१ च्या १.५ आवृत्तीत नेटवर्कवरून संपर्काची सोय आली. पण सेटिंग नियंत्रकाच्या स्मृतीत असत. बायोसच्या पडद्यावर जाऊन एकेका यंत्रावर ती भरता येत. दहा सर्व्हर असतील तर हे जमते. हजार असतील तर?

नेमकी हीच अडचण अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ‘थंडर’ महासंगणकापुढे होती. त्यात १,०२४ नोड आणि ४,०९६ प्रोसेसर होते. जून २००४ च्या जागतिक यादीत तो दुसरा आला. तो उभारणाऱ्या कॅलिफोर्निया डिजिटल कंपनीत आनंद बाबू पेरियासामी काम करत होते. त्यांचे शिक्षण चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात झाले. तंजावरहून कुंभकोणम, मयिलाडुतुरै या मार्गाने गेलात की चिदंबरम लागते. या कामातून तयार झालेला ‘फ्रीआयपीएमआय’ हा संच त्यांनी, बालमुरुगन आणि इयान झिमरमन यांनी २००३ मध्ये ग्नू प्रकल्पाला दिला.

या संचातील बीएमसी-कॉन्फिग साधनाची रीत साधी आहे. ‘चेकआउट’ केले की नियंत्रकातील सेटिंग मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. फाइलचे विभाग असतात: वापरकर्ते, नेटवर्क, अधिकार. हवी ती ओळ बदलून ‘कमिट’ केले की ती परत नियंत्रकात जाते. ‘डिफ’ केले की फाइल आणि यंत्र यांतील फरक दिसतो. एकच फाइल अनेक यंत्रांना देता येते. मात्र आयपी आणि मॅक पत्त्यांच्या ओळी आधी काढायच्या, नाहीतर सर्व यंत्रांचा पत्ता एकच होईल.

यात श्रम वाचले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सेटिंग वाचता येऊ लागली. तंजावरकराला याचे मोल वेगळे सांगायला नको. भोसलेकालीन मोडी कागद टिकले, पण मोडी वाचणारे थोडेच उरले. नोंद असणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा प्रत्यय २०१३ मध्ये आला. २००४ च्या आयपीएमआय २.० मध्ये ‘सायफर शून्य’ नावाचा पर्याय होता. तो चालू असलेल्या अनेक नियंत्रकांवर वापरकर्त्याचे नाव माहीत असले की कोणताही पासवर्ड चालत असे. सुरक्षा-संशोधक डॅन फार्मर यांनी हा धोका उघड केला. ज्यांच्याकडे फाइल होती त्यांना ‘अधिकार’ विभागातील सायफर शून्यची ओळ पाहून तेथे ‘अनयूज्ड’ लिहायचे होते. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आधी प्रत्येक यंत्रात काय आहे हेच शोधावे लागले.

२०१५ मध्ये डीएमटीएफ संस्थेने रेडफिश हे नवे मानक आणले. आता तीच माहिती जेसन स्वरूपात, एचटीटीपीएसवरून जाते. मांडणी बदलली, तत्त्व तेच राहिले.

म्हणून प्रयोगशाळेत हा क्रम पाळा. आधी चेकआउट करून मूळ फाइल जपून ठेवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, पण नवा पासवर्ड सर्वांना दिसणाऱ्या फाइलमध्ये लिहू नका. बीएमसीचे जाळे वेगळे ठेवा. प्रत्येक बदलाशेजारी त्याचे कारण एका ओळीत लिहा. तुमच्यानंतर त्या यंत्रापाशी बसणारा विद्यार्थी तुम्हाला विचारू शकणार नाही. त्याच्याजवळ फक्त ती फाइल असेल.